निवृत्ती अमेरिकेची रीत शिकतो

माणदेशातल्या एका गावात निवृत्ती नावाचा एक भोळा होता. भोळे गावात आणखीही होते, पण ते गावातच राहिले. निवृत्तीला मात्र त्याच्या अक्कानं अमेरिकेला बोलावून घेतलं. इंग्रजी त्याला येत होतं. मॅट्रिकला तो इतक्यांदा बसला होता, की पुस्तक पाठच झालं होतं.

पहिल्याच सकाळी शेजारच्या मार्थाबाईंनी कुंपणावरून विचारलं, "कसे आहात?"

निवृत्तीनं सांगायला घेतलं. पोट साफ होत नाही इथून सुरुवात केली. मूळव्याधीपर्यंत आला, तोवर बाईंच्या हातातली कॉफी गार झाली होती.

अक्का म्हणाली, "अरे शहाण्या, इथं नुसतं विचारतात. 'मस्त, झकास!' म्हणायचं, हसायचं आणि चालू लागायचं."

"बरं अक्का."

दुसऱ्या दिवशी परसातल्या बर्फावरून अक्का घसरली. पाय मोडला. मार्थाबाई खिडकीतून ओरडल्या, "किंकाळी कसली? अक्का कशी आहे?"

"मस्त, झकास!" निवृत्ती हसला आणि चालू लागला.

बाईंनी खिडकी लावून घेतली. टपालवाला आला, तेव्हा कुठं अक्का बर्फातून निघाली.

"मेल्या, खरं सांगायचं!" अक्का कण्हत म्हणाली. "आडपडदा इथं चालत नाही. असेल ते तोंडावर सांगावं."

"बरं अक्का."

अक्काचा पाय मोडला म्हणून मार्थाबाई भोपळ्याचा पाय घेऊन आल्या. तिकडं एका गोड पदार्थाला पाय म्हणतात.

"कसा झालाय?"

"आमच्या म्हशीचं आंबोण याहून चवदार असतं," निवृत्ती म्हणाला. अगदी तोंडावर.

बाई रडत घरी गेल्या. अक्कानं कपाळाला हात लावला. "एकुलती एक मैत्रीण माझी, तीही घालवशील! अरे, कुणी आपलं काही दाखवलं, की तोंडभर कौतुक करावं. 'अप्रतिम! कसं हो जमलं तुम्हाला?' असं विचारावं."

"बरं अक्का."

त्याच आठवड्यात मार्थाबाईंचे यजमान, वॉल्टरसाहेब, झोपेतच गेले. अक्काला उठता येईना. तिनं निवृत्तीला पाठवलं. "नीट वाग रे बाबा."

तिकडं मयताला सूटबूट घालून, पावडर लावून उघड्या पेटीत ठेवतात. शेजारी मार्थाबाईंच्या दोन नणंदा उभ्या. नणंदा तिकडच्याही नणंदाच. धडधाकट भाऊ गेलाच कसा, म्हणून वहिनीकडं टक लावून होत्या.

मार्थाबाईंनी झालं गेलं विसरून निवृत्तीचा हात धरला. त्याला पेटीपाशी नेलं. "बघा, माझा वॉल्टर किती शांत दिसतोय."

निवृत्तीनं वाकून नीट पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अप्रतिम! कसं हो जमलं तुम्हाला?"