बुंदीचे दोन वाडगे

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंच्या दारी दोन वाडगे, तीन जाडजूड ग्रंथ, एक वही आणि एक अशक्त कुत्री घेऊन उभी राहिली. सकाळचे आठ वाजले होते. तिचा चेहरा पाहून कुणीही सांगितले असते की ही मुलगी कित्येक दिवस धड झोपलेली नाही.

गुरू म्हणजे एका तालुक्याच्या गावचे वृद्ध पशुवैद्य. चाळीस वर्षे गाईम्हशींच्या सेवेत घालवून ते निवृत्त झाले होते, तरी जनावर आजारी पडले की पंचक्रोशीतली माणसे अजूनही त्यांच्याच ओटीवर येऊन बसत. शिष्या पदवी घेऊन आलेली तरुण पशुवैद्य. गेली दोन वर्षे ती त्यांच्या हाताखाली शिकत होती. हुशार होती, आणि हुशार माणसाला काळजीची कारणे जरा जास्तच सापडतात. कुत्री तिची स्वतःची. अंगभर तांबूस ठिपके म्हणून नाव बुंदी. गावात शिष्येचे नात्याचे कुणी नव्हते. भाड्याच्या दोन खोल्यांत ती आणि बुंदी, एवढेच कुटुंब.

तर ही बुंदी पंधरा दिवस खात नव्हती. अठरा किलोंची कुत्री पंधरावर आली होती.

बुंदी आजवर भाकरी, भात, अंडे, कधी कोंबडीचे उकडलेले तुकडे, असे मिळेल ते आनंदाने खात आली होती. एके दिवशी तिने वाडग्यात तोंड घातले न घातले आणि ती बाजूला झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. शिष्येने ताप पाहिला, दात पाहिले, पोट चाचपले, रक्त तपासले. काही म्हणता काही निघाले नाही. रोग सापडला तर वैद्य निदान कामाला तरी लागतो. काहीच सापडले नाही की त्याचे हातपाय गळतात. शिष्येचे गळाले. मग तिला वाटू लागले, दोष अन्नातच असणार.

गावात पाळीव प्राण्यांच्या खाण्याचा एक व्यापारी होता. सज्जन माणूस. तो म्हणाला, "मॅडम, रागावू नका, पण कुत्र्याला भाकरी घालणं म्हणजे त्याच्या पोटावर अत्याचार आहे. हे ग्रेन-फ्री घ्या. धान्याचा कण नाही यात. माझा मोती बघा, चार वर्षं हेच खातोय." मोती खरोखरच घोटीव अंगाचा होता. शिष्येने पाकीट घेतले. बुंदीने दोन दाणे चघळले आणि सोडून दिले.

सकाळी फिरायला जाताना एक निवृत्त सुभेदार भेटत. त्यांच्याजवळ कारवान जातीची उंच, सडपातळ कुत्री होती. पाकिटाचे ऐकून ते हसलेच. "मॅडम, तो कोरडा चुरा तुम्ही खाल का रोज? वाघाला कुणी पाकीट फोडून देतं? कच्चं मांस घाला, हाडासकट. आठ दिवसांत कुत्री उड्या मारेल." त्यांची कुत्री खरोखरच उड्या मारत होती. शिष्येने मटण आणले. बुंदीने ते हुंगले, आणि ती परत फिरली.

दोघांचीही कुत्री टुणटुणीत होती, आणि खरी पंचाईत तीच होती. एकाचे जरी मरतुकडे असते, तरी निर्णय सोपा झाला असता.

मग शिष्येने ग्रंथ उघडले. एकात लिहिले होते की कच्च्या मांसातून जंतू पोटात जातात, कुत्र्याच्याही आणि घरातल्या माणसांच्याही. दुसऱ्यात लिहिले होते की बिनधान्याच्या आहाराचा हृदयविकाराशी संबंध असावा अशी शंका आहे. तिसऱ्यात या दोन्ही शंकांवर शंका घेतली होती. दाणे घालावेत तर हृदयाची भीती, मांस घालावे तर जंतूंची, आणि काहीच न घालावे तर कुत्री डोळ्यांदेखत झिजत चाललेली.

तिने एक वही केली. रोज काय घातले, किती खाल्ले, सगळे त्यात लिहू लागली. काही दिवस दाणे, काही दिवस मांस. मग पुन्हा उलटे. वाडगा ठेवला की ती श्वास रोखून बाजूला उभी राही. बुंदी यायची, वाडग्यावर क्षणभर थांबायची, मान वळवून तिच्याकडे पाहायची आणि निघून जायची. त्या नजरेत शिष्येला नापसंती दिसे. आपण पुन्हा चुकलो, असे म्हणून ती वाडगा उचली आणि दुसरा भरायला घेई. मग हात आपोआप बुंदीच्या कुशीवर जाई. काल पाच बरगड्या हाताला लागत होत्या, आज सहा. हिला काही झाले तर माझ्या हाताने झाले असेल, हा एकच विचार तिच्या डोक्यात घुमत राही. दवाखान्यात दुसऱ्यांची जनावरे तपासतानासुद्धा तिचे लक्ष घरच्या वाडग्यात असे.

अशा अवस्थेत ती गुरूंच्या ओटीवर आली होती. दोन्ही वाडगे तिने त्यांच्यापुढे ठेवले.

"सर, आता माझ्यानं ठरवणं होत नाही. तुम्ही फक्त एवढं सांगा, हे घालू की ते? तुम्ही म्हणाल ते मी डोळे झाकून घालीन."

"ते तर तू पंधरा दिवस करतेच आहेस," वृद्ध म्हणाले. "काय होतंय तिला?"

"खात नाही."

"बरं. काय होतंय तिला?"

"सर, खात नाही."

"हो, पण काय होतंय?"

शिष्येला वाटले, सरांना ऐकू कमी येऊ लागले. तिने आवाज चढवून पुन्हा तेच सांगितले.

"ओरडू नकोस, कान शाबूत आहेत माझे. पाणी पिते?"

"पिते. पण तिथंही खोड लागलीय. आपलं भांडं सोडते आणि न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालते."

वृद्धांनी एकवार बुंदीकडे पाहिले. "वहीत काय लिहिलंस ते वाच."

शिष्या वाचू लागली. "मंगळवार, कोरडे दाणे, दोन घास, सोडलं. बुधवार, कच्चं मटण, हुंगलं, सोडलं. गुरुवार, कच्चं मटण, हातानं भरवलं, सगळं खाल्लं. शुक्रवार, तेच मटण वाडग्यात ठेवलं, हुंगून सोडलं. शनिवार, कोरडे दाणे, हातानं, पाऊण वाटी खाल्लं. रविवार, वाडग्यात ठेवले, सोडले."

"मग हातानंच का नाही भरवलंस?"

"सगळे म्हणाले, सवय लागेल. शिवाय मला वाटलं, हातातलं खाते ते माझ्या भिडेखातर खाते. खरंच आवडलं असतं तर वाडग्यातलंही खाल्लं असतं ना?"

"ग्रंथ आण इकडे," वृद्ध एवढेच म्हणाले.

शिष्येच्या जिवात जीव आला. आता सर वाचतील आणि काय ते एकदाचे सांगतील. पण सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. तिन्ही ग्रंथ जमिनीवर एकावर एक रचले, वर वही ठेवली, आणि वहीवर दाण्यांचा वाडगा ठेवून दिला.

"सर!" शिष्या ओरडलीच. पुस्तकाला चुकून पाय लागला तर ते कपाळाला लावून क्षमा मागायची, अशा घरात वाढलेली ती मुलगी. "पुस्तकं आहेत ती! त्यांच्यावर कुत्रीचं खाणं ठेवता?"

"गप्प बैस जरा."

बुंदी उठली. नेहमीसारखी वाडग्यापाशी आली. वाडगा आता तिच्या छातीच्या उंचीला होता, नाक आयतेच त्यात गेले. तिने एक दाणा उचलला, मग दुसरा, आणि मग ओटीवर कुडुमकुडुम असा आवाज सुरू झाला. पाहता पाहता वाडगा चाटूनपुसून लख्ख झाला. वृद्धांनी तो काढला आणि त्याच्या जागी मांसाचा ठेवला. बुंदीने तेही खायला घेतले. व्यापारी आणि सुभेदार दोघेही एकाच वेळी बरोबर ठरले, किंवा दोघेही सारखेच बिनमहत्त्वाचे ठरले, काय म्हणायचे ते म्हणा. चार घासांनंतर वृद्धांनी वाडगा काढून घेतला. "बास. इतक्या दिवसांच्या उपाशी पोटाला एवढं पुरे."

शिष्या रडत होती. आनंदाने की कशाने, हे तिलाही सांगता आले नसते.

वृद्ध खाली बसले. बुंदीच्या कानामागून त्यांनी बोटे हळूहळू मानेवरून उतरवत नेली. एका जागी बुंदी आखडली आणि बारीक कण्हली. "इथं हात ठेव," ते म्हणाले. शिष्येने ठेवला. तिथले स्नायू दगडासारखे घट्ट झाले होते.

मग ते सावकाश बोलू लागले. "तीनदा विचारलं, तीनदा तू सांगितलंस, खात नाही. अगं, आपल्या भाषेत किती सोय आहे बघ. खायचं नाही म्हणजे मन नाही. खाववत नाही म्हणजे आत काही बिघडलंय, अन्न समोर आलं की मळमळतं. खाता येत नाही म्हणजे भूक आहे, मन आहे, पण शरीर आडवं येतंय. जनावराला यातलं एकही बोलता येत नाही, त्याच्या वतीनं नेमका शब्द शोधणं हेच आपलं काम. तू तिन्ही एका 'खात नाही'मध्ये कोंबलेस. जिला खायचं नसतं ती वाडग्यापाशी येत नाही. ही दर वेळी आली. बादलीतलं पाणी प्यायली, कारण बादली उंच आहे. तुझ्या हातचं खाल्लं, कारण हात तोंडापाशी होता. मान खाली घातली की कळ येते तिला. आणि हे सगळं तूच तुझ्या अक्षरात लिहून ठेवलं आहेस. व्यापारी खोटं बोलला नाही, सुभेदारही नाही. ते अन्नाविषयी बोलत होते. तू घाबरली होतीस, आणि घाबरलेल्या माणसाला काहीतरी पटकन बदलायचं असतं. अन्न हाताशी होतं, तू अन्न बदललंस."

"दुसऱ्या कुणाची कुत्री असती तर मी पहिल्याच दिवशी मान पाहिली असती," शिष्या म्हणाली.

"पाहिली असतीस. आपल्या माणसाच्या बाबतीत वैद्याचं असंच होतं, माझंही झालंय. आता ऊठ. गळ्यातला पट्टा काढून टाक, छातीचा घाल. जिन्यावरून उड्या बंद. आजच जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन एक्स-रे काढ."

"बरी होईल ना सर?"

"बहुतेक होईल. पण मणका पाहिल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

शिष्या पुन्हा घाबरली. तरी ही भीती वेगळी होती. तिला निदान जायला एक दिशा होती. जरा थांबून तिने विचारले, "आणि खायला काय घालू?"

वृद्ध हसले. "आता विचार, आता त्या प्रश्नाला अर्थ आहे. सध्या जे पोटाला मानवेल ते मऊ करून, उंचावर ठेवून घाल. पुढं कच्चं घालणार असलीस तर स्वच्छतेत हयगय नको. बिनधान्याचं घालणार असलीस तर अधूनमधून हृदय तपास. भाकरी खाऊन ती सात वर्षं धावत होती, हेही विसरू नकोस. ती बरी झाली की हे ग्रंथ पुन्हा उघड आणि निवांत वाच. चांगले आहेत."

असे म्हणून त्यांनी वही बाजूला केली, उपरण्याने वरचा ग्रंथ पुसला, कपाळाला लावला आणि तिच्या हाती दिला.

शिष्येने तो ओटीवर ठेवला आणि बुंदीला अलगद उचलले, मानेखाली तळहाताचा आधार दिला. पायरीपर्यंत जाऊन ती थांबली. "सर, दर वेळी वाडग्यापाशी ती माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, नावडलं म्हणून बघते. मदत मागत होती ती. पंधरा दिवस मागत होती. त्याचं मी काय करू?"

"त्याला औषध नाही," वृद्ध म्हणाले. "ते तुझ्यापाशीच राहील. राहू दे."

बुंदीला घेऊन शिष्या एसटी स्टँडच्या वाटेला लागली. ग्रंथ ओटीवरच राहिले, आणि ते आणायला ती मागे फिरली नाही.

आपल्याही घरी कुणी भरल्या ताटावरून उठून जाते. त्याला काय होते आहे हे विचारायची आपल्याला भीती वाटते, म्हणून आपण दुसऱ्या दिवशी भाजी बदलून पाहतो.