वाऱ्यानं आखलेलं घर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. मला ती माझ्या सासूनं सांगितली, आणि तिलाही ते ठाऊक नव्हतं. तेव्हा आमच्या उंबरसड्यावर चौकोनी घरं होती. आज गाव पाहणाऱ्याला हे खरं वाटत नाही, पण होती. आमचे मूळपुरुष खालच्या खोऱ्यातून गुरं घेऊन वर आले आणि येताना खोऱ्यातल्या घराचं माप डोक्यात घेऊन आले. चार भिंती, चार कोपरे, मधे सरळसोट आढं आणि दोन्ही अंगांना उतरतं गवताचं छप्पर. खोऱ्यात अशी घरं सुखानं उभी राहतात. सड्यावर राहत नाहीत.

सडा म्हणजे काय ते इथं पावसाळा काढल्याशिवाय कळत नाही. लांबच लांब सपाट तांबडा कातळ, नावाला एखादं झाड, आणि पश्चिमेला तुटलेला कडा. आषाढात समुद्रावरून निघालेला वारा त्या कड्याला धडकतो, उसळून वर येतो, आणि वर आल्यावर त्याच्या वाटेत पहिलं येतं ते आमचं गाव. तो आधी भिंतीच्या कोपऱ्यावर फुटायचा, मग वळचणीखाली हात घालायचा आणि अख्खं छप्पर टोपलीसारखं उचलून न्यायचा. दर आषाढात हेच. दर श्रावणात लोक नवं गवत कापायचे. खोऱ्यातले लोक हसून म्हणायचे, "पाहुणा आणि उंबरसड्याचं छप्पर, आज आहे तर उद्या नाही."

त्या गावात ठकू नावाची बाई होती. तिचा नवरा म्हादू हा गावातली छपरं बांधणारा. आढं चढवावं तर म्हादूनं. तो एक डोळा मिटून बघायचा आणि लाकूड सुतासारखं सरळ बसवायचा. वारा छप्पर घेऊन गेला तरी लोक म्हादूला बोल लावत नसत, कारण छप्पर उडून जायचं पण म्हादूचं आढं वाकायचं नाही. ठकूचाही हात तसाच नावाजलेला. गुरांच्या गवताची गंजी रचावी तर ठकूनं. खाली रुंद, वर निमुळती होत गेलेली, चारी अंगांनी गुळगुळीत. हिवाळ्यात सगळ्या गावाच्या गंज्या तीच रचायची.

एका आषाढात वारा असा आला की छपराबरोबर त्यानं आढंही उचललं. म्हादूच्या स्वतःच्या घराचं. ते वर गेलं, हवेत फिरलं, आणि खाली आलं ते म्हादूच्या पायांवर. पाय तुटले नाहीत, पण पुन्हा उभेही राहिले नाहीत.

श्रावणात ऊन पडल्यावर गाव ग्रामदेव भैरीच्या पारावर जमलं. आमचा भैरी तेव्हाही उघड्यावरच होता, आजही आहे. कुसाजी पाटील चांगला माणूस, पण थकलेला. तो म्हणाला, "आता पुरे झालं. म्हादूचे पाय गेले, पुढच्या खेपेला कुणाचा जीव जाईल. दसरा झाला की खाली खोऱ्यात उतरू. तिथले लोक त्यांच्या वेशीबाहेर जागा देतो म्हणालेत."

वेशीबाहेर राहायचं म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. पाणी विचारून भरायचं, गुरं विचारून सोडायची, आणि सणाला मागं उभं राहायचं.

बायकांच्या घोळक्यातून ठकू उठली. "पाटील, एक आषाढ थांबा."

"कशाच्या जोरावर थांबू, ठकू?"

"गंजीच्या."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ठकू म्हणाली, "माझं घर गेलं. तुमचं गेलं. सगळ्यांची छपरं गेली. पण माझ्या परड्यातली गंजी जाऊन बघा. गवत तेल लावून विंचरल्यासारखं बसलंय. एक काडी हललेली नाही. ज्या वाऱ्यानं आढं नेलं, त्याला गवताची काडी नेता आली नाही."

पाटलाची म्हातारी आई, भिवराई, काठी टेकत गंजीपाशी गेली. तिनं गंजीवरून हात फिरवला आणि मुलाला म्हणाली, "तुला जायचं तर जा, कुसा. मी हिच्याबरोबर एक आषाढ बघणार." आईला टाकून पाटील कुठं जाणार? गाव थांबलं.

पण घरात ठकूचं ऐकणारं कुणी नव्हतं. म्हादू भिंतीला टेकून बसलेला असायचा. ती बोलायला लागली की तोंड फिरवायचा.

"अवो, वाऱ्याला कोपरा धरायला सापडतो म्हणून तो घर धरतो. गंजीला कुठं धरणार?"

"माणसं गवत खातात का गंजीत राहायला?" म्हादू म्हणाला. "जन्मभर मी सरळ बांधलं. आता तू ते मोडून दाखवणार. आणि कोपराच नसला तर देव कुठं ठेवशील?"

"मधे ठेवीन," ठकू म्हणाली.

म्हादू मग सबंध हिवाळाभर तिच्याशी बोलला नाही, असं म्हणतात.

चैत्र लागला. चैत्रात दुपारचा वारा कोरडा असतो, पण दिशा आषाढाचीच. ठकू नाचणीच्या कोंड्याची पाटी घेऊन गंजीसमोर उभी राहिली आणि मुठीमुठीनं कोंडा वाऱ्यावर सोडायला लागली. कोंडा गंजीवर जाऊन आदळला नाही. तो दोन्ही अंगांनी वळसा घालून गेला, जसा ओढ्याचा प्रवाह धोंड्याला वळसा घालतो, आणि मागच्या बाजूला निमुळता होत एका टोकाला मिळाला. जमिनीवर त्याची बारीक पांढरट रेघ उमटली. पुढं गोल, मागं निमुळती. भाताच्या दाण्यासारखी म्हणा, माशासारखी म्हणा. ठकू पळत गेली आणि रेघ पुसली जायच्या आत तिनं त्या रेघेवर दगड मांडले. आमच्याकडे आजही असं म्हणतात की ते घर ठकूनं बांधलं, पण आखलं वाऱ्यानं.

दगड मांडला की ती त्यावर चिखल थापायची, आणि थापी न घेता नुसत्या तळव्यानं भिंत फिरवत न्यायची. हाताला खाच लागली तर तिथं वारा बोट घालील, म्हणून पुन्हा फिरवायची. दार ठेवलं मागं, पूर्वेच्या निमुळत्या टोकाला. वैशाखात भिंत खांद्याएवढी झाली. मग तिनं वासे चढवले, वर गवत रचलं, आणि गाव बघायला आलं.

त्याच दुपारी वळीव आला. अजून आषाढ कुठल्या कुठं होता, नुसता वळवाचा एक झोत, पण त्यानं छप्पर मधोमध फाडून टाकलं. लोक घरी गेले. काही घरांत गाठोडी बांधायला सुरुवात झाली. ठकू त्या गोल भिंतीच्या आत ओल्या गवतात बसून राहिली. रडलीही असेल, ते कुणी सांगत नाही.

मग मागून आवाज आला. म्हादू हातांवर सरपटत दारापर्यंत आला होता.

"सरळ वासा घातलास," तो म्हणाला.

ठकूनं वर पाहिलं.

"भिंत वळली, गवत वळलं, आणि मधला वासा तेवढा ताठ. टोकाला गवत उचललं जाणारच. वाऱ्याला तिथं जागा सापडली." त्यानं पडलेला एक वासा उचलला, एक डोळा मिटून पाहिला आणि बाजूला टाकला. "बांबूच्या बेटातून ओला कळक तोडून आणायला सांग. कोवळा नको, पोक्त पण ओला. आणि शेणी पेटव. धुरावर धरला की कळक वाकतो."

"तुम्ही वाकवणार?"

"मग काय पाटील वाकवणार?"

त्या दिवसापासून म्हादू धुरापाशी बसून कळक वाकवू लागला. ज्या माणसानं जन्मभर लाकूड सरळ केलं, त्याच्या हाताखाली कळक धनुष्यासारखा लवायला लागला. ठकू वर चढून ते बांधायची आणि तो खालून सांगायचा, "थोडा अजून. जरा सोड. आता धर." अंबाडीच्या दोरानं सगळं विणलं गेलं. त्यावर गवत चढलं ते थेट जमिनीजवळ उतरलं. भिंत कुठं संपते आणि छप्पर कुठं सुरू होतं, ते कळेना. म्हादूनं दारात बसून पाहिलं आणि म्हणाला, "आता हे वाकणार नाही. कारण आधीच वाकलंय."

आषाढ आला.

तसा आषाढ पुन्हा आला नाही, असं म्हणतात. सकाळीच समुद्राच्या बाजूचं आभाळ काळं झालं. भैरीची घंटा कुणी न हलवता वाजायला लागली. कड्याखालचे ओढे खाली पडायचं सोडून उलटे वर उडाले आणि गावावर बरसले. पहिलं छप्पर गेलं ते पाटलाचं. मग शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं. लोक म्हातारीकोतारी पाठीवर घेऊन, वासरं दाव्याला धरून ठकूच्या घराकडं पळाले. वाऱ्याकडं पाठ करून त्या निमुळत्या टोकाला पोचलं की एकदम शांत व्हायचं. तिथं दारात ठकू उभी राहून एकेकाला आत ओढत होती.

घर तर दोन माणसांचं. पण जो आला तो मावला. गुरंसुद्धा मावली. बाई माणूस पोटुशी असली की पोट जसं जागा करतं, तसं ते घर आतून वाढत गेलं, असं म्हणतात. भिवराई मधे, देवापाशी बसली होती. तिनं छपराकडं बोट केलं. शेंड्याजवळ दोराचा एक पेड सुटला होता आणि गवताची एक पेंढी वर उठत होती.

म्हादूनंही ते पाहिलं. त्याचे पाय असते तर तो गेला असता. त्यानं कमरेचा दोर सोडून ठकूच्या हातात दिला. "निजून जा," तो म्हणाला. "उभी राहू नको. गवतासारखी जा."

ठकू बाहेर पडली आणि छपराला पोट लावून वर चढली. शेंड्यावर पोचून तिनं दोर आवळला, आणि मग तो धरून तिथंच पालथी पडून राहिली. त्या वेळी वारा तिच्याशी बोलला, असं म्हणतात. तो म्हणाला, "बाई, सबंध गाव मी हातात धरलं. तुझ्या घराला धरू कुठं?"

ठकू म्हणाली, "धरू नको. तुला वाट करून दिलीय. माझ्या अंगावरून जा."

आणि वारा गेला. दिवसभर तिच्या पाठीवरून पूर्वेकडं जात राहिला. आत सगळं गाव एकमेकांना धरून बसलं होतं. वासरू हंबरलं तर ऐकू यायचं, इतकं आत शांत होतं. संध्याकाळी वारा उतरला तेव्हा म्हादूनं खालून हाक मारली, "ठकू, हायस का गं?"

"आहे," वरून आवाज आला. "कळक चांगला वाकवलाय तुम्ही."

त्या दिवशी गावात एकच छप्पर उभं होतं आणि सगळी माणसं जिवंत होती. ठकूचे केस पांढरे झाले होते आणि सगळे एका बाजूला, पूर्वेकडं वळले होते. पुढं कितीही विंचरले तरी ते सरळ झाले नाहीत, असं म्हणतात.

दसऱ्याला खोऱ्यातले लोक जागा दाखवायला म्हणून वर आले. कुसाजी पाटील त्यांना म्हणाला, "जागा राहू द्या. जेवून जा." तेव्हा गावभर कोंडा उडत होता आणि जो तो आपली रेघ दगडांनी बांधत होता.

ठकू आणि म्हादूनं मग गावातलं प्रत्येक घर बांधलं. म्हातारपणी म्हादू आधी गेला. ठकू गेली ती भर आषाढात. तिला नेलं त्या दिवशी सड्यावर गवताचं पातं हललं नाही. चितेचा धूर काठीसारखा सरळ वर गेला. आषाढात सड्यावर सरळ गेलेला धूर त्याआधी कुणी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

आता आमच्याकडे शहरातून माणसं येतात. घरं आखायचं शिकणारी मुलं येतात, मोठे कॅमेरे गळ्यात अडकवलेले लोक येतात. ते ड्रोन उडवून वरून फोटो काढतात आणि आम्हाला दाखवतात. फोटोत आमचं गाव दिसतं ते असं, जणू मोठ्या पाण्यात प्रवाहाकडं तोंड करून माशांचा थवा उभा आहे. ते विचारतात, याचा नकाशा कुणी काढला? आम्ही ठकूचं नाव सांगतो. काहीजण ते लिहून घेतात. गावात शाळा बांधायची ठरली तेव्हा आमच्या लोकांनी सांगितलं की पश्चिमेची भिंत गोल होणार असेल तरच पाया खणा. शाळा बांधायला आलेला साहेब चांगला होता. त्यानं आधी आमच्या घरात येऊन एक आषाढ काढला, आणि मग शाळा गोल झाली. आता सिमेंटची घरं होतात, पण तोंड तसंच. आषाढ लागायच्या आधी सगळं गाव मिळून ठकूचं घर सारवतं, नुसत्या तळव्यांनी. त्या दिवशी कुणी थापीला हात लावत नाही.

आणि एक रीत आहे, ती मी स्वतः पाळलीय म्हणून सांगते. उंबरसड्यावर नवी सून आली की तिला आधी ठकूच्या घरापाशी नेतात. दाराच्या डाव्या अंगाला तिचा तळवा भिंतीला लावतात आणि घराभोवती फिरायला सांगतात. हात उचलायचा नाही. मी फिरले तेव्हा उन्हानं भिंत गरम झाली होती. बायका गात मागून येत होत्या. पश्चिमेचं गोल तोंड ओलांडलं, मग भिंत हळूहळू आत वळत गेली, आणि मी दाराच्या उजव्या अंगाला आले.

सासू तिथं उभी होती. तिनं विचारलं, "हात कुठं अडला का गं?"

मी म्हटलं, "नाही."

"मग ये आत," ती म्हणाली. "हे तुझं गाव."