सुईणीची बंडी

फार वर्षांमागे घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात कपड्यांचं एक लहानसं दुकान. दुकान केशर नावाच्या बाईचं. जेमतेम दोन माणसं बसतील एवढी जागा, एक आरसा, एक लाकडी पेटी आणि खुंट्यांवर टांगलेले दहाबारा कपडे.

तिथलं हवामान मोठं कडक होतं. वैशाखात पायाखालचे दगड पोळायचे, आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसायचं नाही आणि पौषात खिंडीच्या दिशेने असा वारा सुटायचा की ओठ फुटून रक्त यायचं. गावातल्या लोकांकडे कपडे मोजकेच. म्हणून केशर एकच कपडा तिन्ही ऋतूंना चालेल असा शिवायची.

गिऱ्हाईक आलं की माप घेण्याआधी ती विचारायची, "पावसात ओढा ओलांडावा लागतो का? थंडीत पहाटे उठून काय काम असतं?" पाणी भरणाऱ्या बाईच्या परकराला तिने आतून नाड्या लावून दिल्या. पावसात त्या ओढल्या की परकर पोटरीपर्यंत वर जायचा, चिखल लागायचा नाही. पंतोजींच्या अंगरख्याला आतून गुंड्यांची रांग होती. थंडीत तिच्यावर अस्तर चढायचं, उन्हाळ्यात उतरायचं. कुंभाराच्या मुलीकडे एकुलती एक हिरवी ओढणी होती. केशरने तिला आरशासमोर उभं केलं आणि ती ओढणी उन्हात डोक्यावरून सैल कशी सोडायची, थंडीत छातीवरून आडवी घेऊन पाठीशी गाठ कशी मारायची, सणाला काठ दिसेल अशी एका खांद्यावर कशी घ्यायची, ते दाखवलं. मुलगी आरशात बघून म्हणाली, "अगंबाई, या तर तीन ओढण्या झाल्या!"

असं केशरचं काम. लोक तिला मानत. पण तिच्या मनात एक गोष्ट सलत होती. वीस वर्षं तिने जाडंभरडंच शिवलं होतं. रेशमाला तिचा हात कधी लागला नव्हता.

त्याच गावात ठकूमावशी नावाची सुईण होती. आजूबाजूच्या सात वाड्यांतली बाळंतपणं तीच करायची. बोलावणं आलं की ऊन असो, पाऊस असो, ती काठी उचलून निघायची. तिच्याकडे केशरने शिवलेली एक लांब बाह्यांची बंडी होती. दर हिवाळ्यात केशर त्या बंडीला कापसाचं अस्तर लावून द्यायची आणि होळी झाली की काढून ठेवायची.

त्या वर्षी जुन्या अस्तरातल्या कापसाच्या गोळ्या झाल्या होत्या. मावशीने मार्गशीर्षातच बंडी आणून दिली. केशर म्हणाली, "नवा कापूस घालून देते." आणि तेवढ्यात गडावरून बोलावणं आलं.

गडावर सरदारीणबाई राहत. त्यांच्या घरी नवी सून आली होती आणि संक्रांतीला तिचं पहिलं हळदीकुंकू होतं. सरदारीणबाईंनी केशरपुढे काळ्या रेशमाचं ठाण ठेवलं.

"सुनेचे कपडे तू शीव," त्या म्हणाल्या. "वर एक मऊ, कापूस भरलेलं जाकीटही हवं. काम आवडलं, तर यापुढे गडावरचं सगळं शिवण तुझंच."

केशर गड उतरली ती जणू हवेतच. महिनाभर तिने दुसरं काही हातात घेतलं नाही. मावशीची बंडी खुंटीवरच राहिली.

संक्रांतीला सहा दिवस उरले असताना ठकूमावशी दुकानात आली.

"केशर, झाली का गं बंडी? पलीकडच्या वाडीतली हौसा, तिचे दिवस भरत आलेत. पहिलटकरीण आहे पोर. कधीही निघावं लागेल आणि खिंडीत वारा सुटलाय."

"परवा देते, मावशी. नक्की," केशर म्हणाली.

त्या दिवशी तिने पेटी उघडून पाहिली. पिंजलेला कापूस एकाच कपड्यापुरता उरला होता आणि पिंजारी संक्रांतीनंतरच येणार होता. तिच्या एका बाजूला रेशमी जाकीट होतं, दुसऱ्या बाजूला बंडी. सुनेला ते जाकीट एक संध्याकाळ, शेगडी पेटवलेल्या दिवाणखान्यात घालायची होती. हे केशरला कळत होतं. तरी तिने कापूस जाकिटात भरला.

उरला ओंजळभर. तो तिने बंडीच्या छातीला, गळ्याला आणि मनगटांपाशी घातला, म्हणजे हात लावला की कापूस लागेल अशा जागी. पाठीला आणि बाह्यांना जुन्या लुगड्याचे दोन पदर लावले आणि वरून सगळीकडे सारखे दोरे टाकले. बंडी पाहिली तर कुणालाही वाटावं, नेहमीसारखंच अस्तर आहे.

तिसऱ्या दिवशी मावशी आली. तिने बंडी छातीपाशी दाबून पाहिली.

"छान ऊब आहे. खिंडीत चालेल ना?"

केशर खाली बघून दोरा गुंडाळू लागली. मग म्हणाली, "चालेल, मावशी."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी हौसाच्या शेजारणीने निरोप आणला. कळा सुरू झाल्या होत्या. शेजारीण तशीच पुढे हौसाच्या आईला आणायला गेली आणि मावशी नेहमीप्रमाणे एकटीच निघाली.

खिंडीच्या तोंडाशी कातळात कोरलेल्या पायऱ्या होत्या. धरायला लोखंडी साखळी होती. वारा पाठीमागून येत होता आणि पाठीतून, बाह्यांतून आत शिरत होता. मावशीला वाटलं, आपल्यालाच कसा एवढा गारठा बाधतोय? तिने पाय उचलायला घाई केली. अर्ध्या पायऱ्या चढेपर्यंत तिचे हात लाकडासारखे झाले. साखळी हातात आहे की सुटली, हेही तिला कळेना. ती सुटली होती. मावशी दहा पायऱ्या खाली कोसळली आणि तिचा उजवा हात दगडावर आपटून चेचला गेला.

ऊन उतरताना लाकूडतोडे त्या वाटेने आले, त्यांना ती दिसली. त्यांनी तिला झोळीत घालून गावात आणलं.

तिकडे हौसाचं बाळंतपण झालं, पण नाळ बाळाच्या गळ्याभोवती होती आणि ती सोडवायची कशी, हे जवळच्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलगी होती. ती रडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी गडावर हळदीकुंकू झालं. सुनेच्या अंगावरचे कपडे बघून बायका हरखल्या. सरदारीणबाईंनी सगळ्यांदेखत केशरची पाठ थोपटली. केशर परत येताना गावात शिरली आणि पारापाशी तिला सगळी हकीकत कळली.

"वय झालं मावशीचं," लोक म्हणत होते. "हातात बळ राहिलं नाही."

केशर मावशीकडे गेली. मावशी अंथरुणावर होती. हाताला फळ्या बांधल्या होत्या. ती छताकडे बघत म्हणाली, "माझाच हात सुटला गं. चाळीस वर्षांत कधी सुटला नव्हता. त्या पोरीने माझी वाट पाहिली असेल." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बंडी पाठीत फाटलीय. घेऊन जा. जमेल तेव्हा शीव."

केशरने बंडी घरी आणली. फाटलेल्या जागेतून लुगड्याचे दोन पदर दिसत होते. आत कापसाचा धागासुद्धा नव्हता.

चार दिवसांनी पिंजारी आला. केशरने कापूस घेतला आणि बंडीची पाठ उसवून त्यात भरायला बसली. पाठ शिवून झाली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मावशी स्वतःलाच दोष देत होती आणि सगळं गाव तेच म्हणत होतं. एक ओळ दोरा टाकून झाला. दुसरी ओळ अर्धी झाली आणि केशरचा हात पुढे जाईना. तिला राहून राहून वाटत होतं, आता मावशी जन्मभर असंच समजणार, की माझाच हात सुटला.

तिने ती तशीच अर्धवट बंडी उचलली आणि मावशीच्या घरी गेली. तिथे चार बायका विचारपूस करायला आल्या होत्या. केशर त्या जायची वाट बघत थांबली नाही.

"मावशी, तुमचा हात सुटला नाही. मी पाठीत कापूस घातलाच नव्हता. बाह्यांतही नाही. कापूस गडावरच्या जाकिटात घातला आणि तुम्ही विचारलंत तेव्हा चालेल म्हणाले."

मावशीने डाव्या हाताने बंडी ओढून घेतली, उसवलेल्या जागेत बोटं घातली आणि आतलं चाचपून पाहिलं. मग ती भिंतीकडे वळली.

"जा इथून," ती म्हणाली.

त्या दिवसापासून गावातलं कुणी दुकानात येईना. होळी आली. हिवाळ्याची अस्तरं काढायचे दिवस आले, पण पंतोजी आले नाहीत, कुंभाराची मुलगी आली नाही. गडावरून मात्र रेशीम येत राहिलं. गडावर कुणाचं काही गेलं नव्हतं. केशर ते शिवायची. ज्या रेशमासाठी ती वीस वर्षं झुरली, त्याच्याकडे आता तिला बघवत नसे.

फाल्गुन संपता संपता एका सकाळी दुकानाच्या दारात ठकूमावशी उभी राहिली. केशर धडपडत उठली. मावशीने उजवा हात पुढे केला. हाड सांधलं होतं, पण बोटं वाकडी झाली होती आणि मिटत नव्हती.

"मी तुला माफ केलेलं नाही," मावशी म्हणाली. "ते होईल तेव्हा होईल. पण चैत्रात तीन बाळंतपणं आहेत आणि या हाताने काही होत नाही. मला हात हवेत. या गावात तुझ्याइतकी नेमकी बोटं दुसऱ्या कुणाची नाहीत."

"मावशी, मला यातलं काही येत नाही."

"मी सांगेन तसं करायचं. येशील की नाही, तेवढं बोल."

"येते," केशर म्हणाली.

तिने गडावरचं रेशीम घडी घालून परत पाठवलं. सरदारीणबाई रागावल्या. त्यांनी दुसरी शिवणारीण शोधली.

पहिल्या खेपेला केशर हात धुऊन पुढे बसली. मावशी तिच्या खांद्याशी बसून सांगत होती, "घाई करू नकोस. आता तळहात खाली धर. ओढू नकोस, येऊ दे." मूल हातात आलं, रडलं आणि केशर बाहेर जाऊन ओटीवर बसून ढसाढसा रडली. मावशी बाहेर आली. तिच्यापुढे गरम पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

दोन वर्षं गेली. केशर मावशीबरोबर सातही वाड्या फिरली. उरल्या वेळात ती दुकान उघडायची आणि हळूहळू एकेक माणूस पुन्हा यायला लागलं. पाणी भरणारी बाई आली, मग पंतोजी आले. आता गिऱ्हाईकाने कपडा नेण्याआधी केशर एका बाजूची शिवण उघडी ठेवून आतलं दाखवायची आणि त्याच्यासमोर ती मिटवायची. कुणी मागितलं नव्हतं, तरी.

मग एका मार्गशीर्षात पलीकडच्या वाडीतून निरोप आला. हौसाचे दिवस भरले होते.

केशर म्हणाली, "तिथे मी नको, मावशी. तिच्यासमोर कोणत्या तोंडाने उभी राहू?"

"मग मी कोणत्या हाताने जाऊ?" मावशी म्हणाली आणि काठी उचलून चालू लागली.

केशर तिच्यामागोमाग निघाली. पायऱ्यांवर तिने मावशीला पुढे घातलं आणि स्वतः वाऱ्याच्या बाजूला राहिली.

हौसा खाटेवर पडली होती. मावशीला बघून तिचा चेहरा सैल झाला. मग तिची नजर केशरकडे गेली.

"तूच का ती?" तिने विचारलं.

"हो," केशर म्हणाली. "मीच."

हौसा तिच्याकडे बघत राहिली. केशरने मान खाली घातली नाही, पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढ्यात कळ आली. हौसाने हात लांब केला आणि जे हाताला लागलं ते घट्ट धरलं. ते केशरचं मनगट होतं.

मावशी सांगत गेली, केशर करत गेली. दिवस मावळायच्या आत मुलगा झाला. घसा फोडून रडला. त्याला पुसून, गुंडाळून केशरने हौसाच्या कुशीत ठेवलं आणि ती मागे सरून दाराशी गेली.

"थांब," हौसा म्हणाली. "इकडे ये. बस."

केशर खाटेपाशी खाली बसली.

"पहिलीला माझ्याशिवाय कुणी नीट पाहिलं नाही," हौसा बाळाकडे बघत बोलू लागली. "घरात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मला वाईट वाटेल म्हणून. तिला खूप जावळ होतं. पाक काळंभोर. आणि नखं एवढीएवढीशी, पण पुरी वाढलेली." तिने केशरकडे पाहिलं. "मला तिच्याबद्दल बोलायचंय. तू ऐकायला हवंस."

"सांग," केशर म्हणाली.

हौसा सांगत राहिली. मावशी चुलीपाशी बसून होती. केशरने सगळं ऐकून घेतलं.

जुनी माणसं ही गोष्ट इथे थांबवतात आणि तिचं तात्पर्य असं सांगतात: आपल्या शब्दावर विसंबून जो वाऱ्यात जातो, त्याचं काम आधी आणि आतूनही पुरं करावं. आणि चूक झालीच, तर ती शिवून झाकू नये. ती कबूल करावी आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या कामी यावं. सगळं भरून येत नाही, तरीही.