युवराजांचा अंगरखा

अंबरवेलच्या कारागीरशाळेत भानुमतीबाई दरवर्षी काहीतरी नवं शिकवायच्या. प्रधान त्र्यंबकपंतांना तो पोरखेळ वाटे. परदेशवारी करून आल्यावर त्यांनी भर दरबारात एक जाडजूड बाड राजापुढे ठेवलं.

"महाराज, तिकडच्या शाळांत जे शिकवतात ते सगळं यात आहे. पुढची वीस वर्षं आपल्याकडे हेच शिकवायचं. बदल करील त्याची शाळेतून हकालपट्टी!"

राजाने बाईंकडे पाहिलं.

"माझी हरकत नाही," बाई म्हणाल्या. "फक्त युवराजांचा राज्याभिषेकाचा अंगरखाही आजच शिवून टाकू. शेजारच्या राजपुत्राच्या मापाचा."

तान्हे युवराज तेव्हा राणीच्या मांडीवर खेळत होते. पंत खो खो हसले. "अहो, अंगरखा आपल्या युवराजांचा आणि माप दुसऱ्याचं? शिवाय ते किती वाढणार, हे आज कुणाला ठाऊक?"

"मग काय करावं, पंत?"

"दरवर्षी माप घ्यावं आणि शिवणीत थोडं जास्तीचं कापड सोडावं! एवढंही कळत नाही?"

"कळतं ना. शाळेत मी तेच करते."

पंतांचं हसू ओठांवरच विरलं. राजाने मात्र ते बाड उचलून मोठ्या आदराने बाईंच्या हाती दिलं.

"कापड चांगलं आहे, बाई. आपल्या मापाने बेता."