कावेरीची तबलाजोडी

हिरव्यागार टेकडीच्या पायथ्याशी, इवल्याशा खोपटात कावेरी आपल्या आईबरोबर राहायची. आई बांबूच्या टोपल्या विणायची. कधी भाकरी पुरायची, कधी अर्धीच वाट्याला यायची. पण कावेरीची चिमुकली बोटं सदा नाचत असायची. टोपली पालथी दिसली की धा धिं धिं धा! गुडघ्यावर, उंबऱ्यावर, जिथे जागा मिळेल तिथे धा धिं धिं धा!

शेजारच्या बागेपलीकडे अंबूआजी राहायच्या. त्या एका वेळी एकाच मुलाला समोर बसवून तबला शिकवायच्या. कावेरी रोज त्यांच्या देवासाठी फुलं न्यायची.

एकदा आजी म्हणाल्या, "पोरी, तुझी बोटं बोलकी आहेत गं! मी शिकवीन तुला. पण घरी रियाजाला तबला हवा."

"मिळवीन मी, आजी!" कावेरी म्हणाली. कसा मिळवणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण मिळणार, हे अगदी पक्कं ठाऊक होतं.

एका सोनेरी सकाळी बागेत दवाचे थेंब मोत्यांसारखे लुकलुकत होते. फुलं वेचता वेचता कावेरीने टोपलीवर ताल धरला. तोच केशरी देठाच्या एका प्राजक्तफुलातून अंगठ्याएवढी परी गिरक्या घेत बाहेर आली! तिचे पंख निळे-जांभळे, झगा चांदण्याचा, पायांत इवली इवली पैंजणं.

"किती दिवसांनी नाचले मी!" परी हसली. "माग बाळे, एक इच्छा माग. पण नियम ऐक. विद्या मागायची नाही, ती शिकावीच लागते. आणि ऊन त्या बकुळीच्या बुंध्याला लागायच्या आत मागायचं."

"विद्या शिकेन की मी! मला फक्त..."

इतक्यात कुंपणापलीकडून अंबूआजींचा आवाज आला. त्या एका मुलाच्या आईला सांगत होत्या, "आजपासून शिकवणी बंद, बाई. बोटं आखडली माझी, वळतच नाहीत. आता कुणालाच शिकवता यायचं नाही."

कावेरीच्या हातातली टोपली गळून पडली. ऊन बकुळीच्या खालच्या फांद्यांवर उतरलं होतं. तिने डोळे घट्ट मिटले आणि ठणकावून म्हणाली, "परीताई, अंबूआजींची बोटं बरी कर!"

"आणि तुझा तबला?"

"तबले पुष्कळ आहेत जगात. अंबूआजी एकच आहेत."

परीने पंख फडफडवले. गुलाबी, पिवळी चमचम कुंपणावरून तरंगत गेली आणि पलीकडे तबला धबधब्यासारखा वाजू लागला! "अगं बाई! वळली गं, वळली माझी बोटं!" आजी हसत होत्या, रडत होत्या.

परी कावेरीच्या कानाशी आली. "आणखी एक नियम आहे, पण तो आधी सांगायचा नसतो. जो दुसऱ्यासाठी मागतो, त्याला त्याचं न मागता मिळतं."

पाहते तर काय! प्राजक्ताच्या सड्यावर नवीकोरी तबलाजोडी! तांबूस लाकडाचा तबला, चकचकीत पितळी डग्गा, दोन्हींच्या कातड्यावर शाईचा काळाभोर गोल.

दोन्ही उराशी कवटाळून कावेरी आजींच्या ओसरीवर धावली. आजींनी तिला समोर बसवलं, तिची बोटं हळूच जागेवर ठेवली. "ही अनामिका इथे टेकव. आता पहिल्या बोटाने किनारीवर. हा बोल आहे, ‘ना’!"

टप्प! पुन्हा टप्प!

"येईल," आजी म्हणाल्या.

"येणारच," कावेरी म्हणाली.

हातातलं विणकाम तसंच घेऊन आईही ओसरीशी येऊन उभी राहिली. परी कुंपणावरच्या जाईच्या कळीवर बसून वाट पाहत होती. टप्प, टप्प, टप्प... आणि मग चांदीची घंटा वाजावी तसा स्वच्छ, गोड बोल निघाला, "ना!"

परीने आनंदाने एक गिरकी घेतली. क्षणभर सगळी बाग सोन्याच्या उजेडाने न्हाली आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.