पांगाऱ्याची गव्हाण

माळावरच्या एका गावात बाळोजी नावाचा शेतकरी राहत होता. माणूस कष्टाळू, दिलदार, अडल्यानडल्याला धावून जाणारा. खोड एकच. कुठलीही वस्तू टिकेल किती यापेक्षा दिसेल कशी, याचीच त्याला भारी काळजी. घरात भाकरी कोरडी असली तरी चालेल, पण डोक्यावरचा फेटा कडक हवा!

त्याच्या गोठ्यात दोन बैल होते, एक गाय होती आणि मंजुळा नावाची एक म्हैस होती. हे नाव तिला कोणी ठेवलं आणि काय बघून ठेवलं, देव जाणे. मानेला खाज सुटली की ती भिंतीला अशी मान घासायची की मातीचे पोपडेच्या पोपडे खाली यायचे.

गोठ्यातली गव्हाण मात्र पार जुनी झाली होती. तिच्या पायांना वाळवी लागली होती, फळ्या निखळल्या होत्या. वरून टाकलेला कडबा खालून बाहेर पडायचा. जनावरं तो तुडवायची, त्याच्यावरच शेण टाकायची, आणि मग त्याला तोंड न लावता तशीच उभी राहायची. बाळोजीची बायको ठकूबाई रोज सकाळी शेण भरताना कपाळावर हात मारून घ्यायची.

"अहो, अर्धी वैरण उकिरड्यात चाललीय. बाभळीची चांगली गव्हाण करून घ्या की एकदा."

"करू, करू," बाळोजी म्हणायचा आणि विसरून जायचा. गोठ्यात येऊन बघतंय कोण, असं त्याचं मन त्याला सांगायचं.

आणि एक दिवस गोठा बघायलाच माणसं येणार असल्याचा निरोप आला!

त्या भागात रीतच तशी होती. मुलीकडची माणसं स्थळ बघायला आली की आधी घरात शिरत नसत. थेट गोठ्यात जात. येताना हिरव्या चाऱ्याची पेंढी आणत, ती आपल्या हाताने जनावरांना चारत, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत. मुक्या जिवाला जे घर नीट सांभाळतं ते परक्याच्या लेकीलाही नीट सांभाळील, असं त्यांचं म्हणणं. गोठा मनास आला तर ओसरीवर बसून पाणी मागत. नाही आला, तर पाण्याला न शिवता माघारी फिरत. मग गावात त्या घराची जी शोभा व्हायची, ती विचारू नका.

बाळोजीचा मुलगा हैबती आल्या स्थळाला नाही म्हणत होता. शेवटी आईजवळ त्याने तोंड उघडलं. जत्रेत त्याने शेजारच्या गावच्या सगुणाला पाहिलं होतं. लग्न करीन तर तिच्याशीच, असं त्याने ठरवलं होतं. सगुणाला आईबाप नव्हते. भिवराक्का नावाच्या आत्याने तिला लहानाची मोठी केली होती. ही भिवराक्का म्हणजे बाई मोठी खमकी. तिने आजवर कितीतरी स्थळं गोठ्यातूनच नापास केली होती. आता तीच येणार होती. हैबतीचं जेवणावरचं मन उडालं. एकुलत्या एका पोराचं सुख एका मोडक्या गव्हाणीपाशी येऊन अडलं, हे बाळोजीला कळून चुकलं.

हैबतीला घेऊन तो धावतच सोपाना सुताराकडे गेला.

"सोपाना, गव्हाण हवी. पुढच्या बाजाराच्या आत हवी."

सोपाना म्हणाला, "बाभळीची करू. पण बाभूळ तोडून आधी तळ्यात मुरत घालायची, मग सावलीला वाळवायची. नाहीतर लाकूड फाटतं, किडतं. पुढच्या उन्हाळ्यात देतो."

"पुढच्या उन्हाळ्यात? अरे, तोवर पोरगा गोसावी होऊन जाईल!"

बोलता बोलता बाळोजीची नजर कोपऱ्यातल्या पांगाऱ्याच्या फळ्यांवर गेली. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ. सोपाना त्याची पोरांसाठी खेळणी करायचा.

"याची होईल का?"

"होईल की. झटक्यात होईल आणि फटक्यात मोडेल. बाळोजीबा, म्हैस गव्हाणीत खाते कमी आणि अंग घासते जास्त. ही खेळण्यातल्या बैलाला ठीक, तुमच्या मंजुळेपुढे टिकायची नाही."

"तू कर रे बाबा. पाहुणे जाईपर्यंत टिकली म्हणजे झालं. रंगाचं मी बघतो."

रंगाचं त्याने असं बघितलं की यंव रे यंव! गव्हाणीला हिरवा रंग दिला, कडेने पिवळी वेलबुट्टी काढली, आणि समोरच्या फळीवर पिसारा फुलवलेला मोर काढला. मोर खरोखरच सुरेख उतरला होता. मग त्याला मंजुळेचा खुंटा दिसला. गव्हाणीच्या शेजारी जमिनीत पुरलेला तो काळा, ओबडधोबड खुंटा त्याच्या डोळ्यांत खुपू लागला. त्याने तो उपटून बाहेर फेकला आणि मंजुळेला गव्हाणीच्याच खांबाला बांधलं.

"बाबा, खुंटा तरी राहू द्या," हैबती म्हणाला.

"मोराशेजारी खुंटा? शोभतो का?"

ठकूबाईने फळीला नख लावून पाहिलं. नखाचा ठसा उमटला. "अहो, ही गव्हाण केलीत की देवाची पालखी?" ती म्हणाली. पण पोराचं तोंड पाहून ती गोठा झाडायला लागली.

ठरल्या दिवशी भिवराक्का आली. बरोबर तिच्या गावातले दोन जाणते पुरुष होते. तिच्या काखेत मक्याची हिरवीगार पेंढी होती. ती सरळ गोठ्यात शिरली. तिने बैलांच्या खांद्यावरून हात फिरवला. गायीची कास पाहिली. मंजुळेच्या कपाळावर थोपटलं. बाळोजी एकेक श्वास मोजून घेत होता. हैबती दाराआड उभा राहून ऐकत होता.

"मोर छान आहे हो," भिवराक्का म्हणाली.

बाळोजीचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ राहिला नाही. रीतीप्रमाणे भिवराक्काने गव्हाणीच्या पलीकडे उभं राहून पेंढी पुढे केली. मंजुळेला हिरव्या मक्याचा वास आला. तिने मान लांब केली. पेंढी थोडी लांबच होती. तिने आणखी जोर केला.

काड्! काडकाड काड्!

खांब उखडला, फळ्या उडाल्या, आणि मंजुळा त्यातून चालतच पलीकडे गेली. समोरची फळी तिच्या गळ्यात अडकली होती. छातीवर मोर, पाठीमागे फरफटत येणारा खांब, अशा थाटात ती अंगणात आली. ठकूबाईने पहाटे काढलेली रांगोळी तिने पुसली. पाहुण्यांच्या पाण्याचा हंडा लवंडला. मग गोठ्यातून धावत बाहेर आलेल्या भिवराक्काच्या पुढ्यात जाऊन ती उभी राहिली आणि तिच्या हातातली पेंढी शांतपणे खाऊ लागली.

 मंजुळेच्या चघळण्याचा तेवढा आवाज येत होता.

पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, "बाळोजीराव, तुमचा सुतार लबाड निघाला. चांगलंच फसवलं तुम्हाला."

बुडत्याला काडीचा आधार, तसं झालं! सोपाना काही तिथे नव्हता. नुसतं 'हो ना' म्हटलं असतं तरी बाळोजीची अब्रू वाचली असती, आणि बहुधा लग्नही. शब्द त्याच्या अगदी ओठावर आला. पण त्याच वेळी त्याला दाराआडचा हैबती दिसला. पोरगा खाली मान घालून उभा होता. सोपानाने काय सांगितलं होतं, खुंटा कोणी उपटला होता, ते सगळं त्याला ठाऊक होतं. आपला बाप आता काय बोलतो, एवढंच तो ऐकत होता. बाळोजीला मनापासून लाज वाटली.

त्याने फेटा काढून हातात घेतला.

"सुतार लबाड नाही. त्याने मला बजावलं होतं. बाभूळ मुरवायला वेळ लागतो, म्हणून पांगारा मी मागितला. खुंटाही मीच उपटला. अक्का, हा सगळा थाट तुमच्या डोळ्यांसाठी होता. मुकी जनावरं इतके दिवस तुडवलेल्या वैरणीपुढे उपाशी उभी होती, तेव्हा मला गव्हाण सुचली नाही. आता तुम्ही माघारी गेलात तरी माझी तक्रार नाही. फक्त पोराला बोल लावू नका."

हैबतीने मान वर केली.

 भिवराक्काची नजर मंजुळेच्या छातीवरल्या मोरावर गेली, आणि बाई अशी हसत सुटली की पदराने डोळे पुसायची वेळ आली.

"अहो बाळोजीराव," ती म्हणाली, "मी गोठ्यात गव्हाणी मोजायला येत नाही. मी जनावर बघते आणि धनी बघते. तुमची जनावरं अंगावर हात ठेवला तर बिचकत नाहीत. आणि धनी रंगाचा हौशी असला तरी खोटा नाही. ठकूबाई, पाणी आणा!"

ठकूबाई आनंदाने घरात पळाली. भिवराक्काने मात्र बोट वर केलं.

"थांबा. बाभळीची गव्हाण उभी राहिल्याशिवाय लग्न नाही. अर्धी वैरण वाया घालवणाऱ्या गोठ्यात माझी पोर राबायची नाही."

"पण अक्का, लाकूड मुरायला पुढचा उन्हाळा उजाडेल!" हैबती दाराआडून एकदम ओरडला. ओरडल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली.

"उजाडू दे. घाईचा मोर आत्ताच पाहिला मी."

त्याच दिवशी बापलेकांनी बांधावरची जाडजूड बाभूळ तोडली आणि ओंडके तळ्यात टाकले. मग काय, हैबतीच्या वाऱ्या सुरू झाल्या. येता-जाता तो तळ्याकडे वळायचा. बायका धुणं धुता धुता विचारायच्या, "काय हैबती, मुरलं का रे?" हैबती लाल व्हायचा. बाळोजी सोपानाकडे गेला आणि सगळ्यांदेखत त्याने त्याची माफी मागितली. सोपाना म्हणाला, "माफी राहू द्या, घाई तेवढी करू नका."

उन्हाळ्यात गव्हाण उभी राहिली. जाड फळ्या, जनावराच्या छातीपर्यंत उंची, गळ्याला काचू नये म्हणून गोल केलेल्या कडा, आणि दगड ठासून खोल पुरलेले खांब. खुंटाही वेगळा रोवला. मंजुळेने मनसोक्त मान घासून पाहिली, पण गव्हाण हलली नाही. खाली काडी सांडेना. बाळोजीचे हात रंगासाठी शिवशिवत होते, पण त्याने कुंचल्याला हात लावला नाही. तो आता रंगाला भीतच होता.

लग्न झालं. वाजतगाजत वरात दारात आली. उंबऱ्यावर माप भरून ठेवलं होतं. पण सगुणा उंबऱ्याशी थांबली आणि गोठ्याकडे वळली. वाजंत्री थांबली. बाळोजी लगबगीने तिच्या मागे गेला. नव्या नवरीने हिरव्या चुड्याचे दोन्ही हात गव्हाणीला लावले आणि ती गदागदा हलवून पाहिली. मग ती सासऱ्याकडे वळून हसत म्हणाली, "मामंजी, आता काढा मोर!"

तात्पर्य: वस्तू ज्याच्यासाठी करायची, त्याचा जोर ओळखून आधी ती भक्कम करावी, रंगरंगोटी मागाहून. आणि घाईने केलेली वस्तू मोडली, तर दोष दुसऱ्याच्या माथी न मारता आपला म्हणावा.