आठ दिवसांचं खरेदीखत

“रजा घे की! तुला नको कोण म्हणतंय?” दुर्धरराव महाराज पाटावरून गरजले. “पण ते आठही दिवस माझ्या पानात गरमागरम मांडे पडले पाहिजेत. तुझ्याच हातचे! एक दिवस जरी चुकला, तर रजा जप्त!”

चिमाबाईचा हात जागच्या जागी थबकला आणि उलट्या खापरावरचा मांडा करपला. मांड्यासारखी पातळ, गोड पोळी त्या राज्यात दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. ती खापरावरून थेट पानात हवी, म्हणून महाराज रोज मुदपाकखान्यातच जेवायला बसत. चिमाने रजेवर जायचं आणि चुलीपुढेही बसायचं! आता बोला!

आणि ही रजा काही फुकटची नव्हती हो. वर्षाला बारा दिवस रजा, त्याहून जास्त हवी असेल तर सरकारातून विकत घ्यायची आणि दाम दरमहा पगारातून कापून घ्यायचं, अशी योजना महाराजांनीच काढली होती. “जगात कुणी रजा विकली होती का? मी विकली!” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. चिमाचे बारा दिवस केव्हाच संपले होते, म्हणून तिने सहा महिने मीठ-मिरचीशी भाकरी खाऊन आठ दिवस विकत घेतले होते. कारण एकच. चार कोसांवर तिची लेक रंगू पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं.

“महाराज, लेक एकटी आहे हो,” चिमा काकुळतीने म्हणाली.

“मग लवकर जा आणि लवकर ये! जेवायच्या आत!”

चिमाचे डोळे भरून आले. खापर घासता घासता ती पुटपुटत होती, “मेल्या रजेचा कागद तेवढा पदरात पडला...” आणि एकदम थांबली. कागद! शिक्का उठवताना कारकुनाने तो मोठ्याने वाचून दाखवला होता. चिमाला अक्षरओळख नव्हती, पण एकदा कानावर पडलेलं ती कधी विसरत नसे. ती गालातल्या गालात हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांनी दातांना राखुंडी लावली आणि चूळ भरायला तांब्या उचलला.

“थांबा!” दारातून चिमा ओरडली. “कुणाला विचारून चूळ भरताय?”

“अँ?” महाराजांच्या तोंडातून राखुंडी उडाली.

“आजचा दिवस माझा आहे, महाराज. विकत घेतलाय!”

दिवाणजींना धावतपळत बोलावणं गेलं. चिमाने कमरेच्या चंचीतून खत काढून त्यांच्या हाती दिलं. आता गंमत अशी, की रजा विकायचा नमुना दप्तरात नव्हताच. म्हणून कारकुनाने आपला जमीनविक्रीचाच उतरवून काढला होता! दिवाणजी वाचू लागले आणि त्यांना घाम फुटू लागला.

“पूर्वेस चैत्र वद्य द्वितीया. पश्चिमेस एकादशी. उत्तरेस व दक्षिणेस काय आहे ते कारकुनास समजले नाही. या चतुःसीमेतील आठ दिवस, त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह, चिमाबाईस कायम विकत दिले. आत दुसऱ्या कोणाचा हक्क राहिला नाही.”

“जल म्हणजे तो तांब्या,” चिमा म्हणाली. “काष्ठ म्हणजे चुलीतली लाकडं. कालच मोजून आलेय.”

महाराजांनी मुकाट्याने तांब्या खाली ठेवला. शिक्का उठला की ब्रह्मदेव आला तरी माघार नाही, हा त्यांचा जन्माचा हट्ट!

“पण षष्ठीला माझा पन्नासावा वाढदिवस आहे!” त्यांना एकदम आठवलं. “चाळीस हत्ती रंगवून झालेत!”

“माझ्या षष्ठीत चाळीस हत्ती? छे छे! सगळं तुडवून ठेवतील.”

“अगं, मग मी पन्नास वर्षांचा होणार कसा?”

“नका होऊ. एकोणपन्नासात काय वाईट आहे?”

“दिवाणजी! दुप्पट दाम द्या आणि षष्ठी परत घ्या!”

दिवाणजी कानाशी लागले. “सरकार, विकलेली रजा परत घेतली जाणार नाही, असा नियम आहे. आपलाच!”

महाराज मटकन मंचकावर बसले. तोंडात राखुंडी तशीच. “चिमाबाई,” ते हळूच म्हणाले, “तुला हवंय तरी काय?”

“मला लेकीपाशी जायचंय, एवढंच. आठही दिवस मी तुम्हाला वापरायला देते. चूळ भरा, हत्ती नाचवा, पन्नास वर्षांचे व्हा!”

महाराजांनी घाईघाईने चूळ भरली. तोंड मोकळं होताच हट्ट परत आला. “आणि माझे मांडे? हुकूम तो हुकूम!”

“मोडतंय कोण? रोज मांडे होतील, गरम होतील, माझ्याच हातचे होतील आणि तुमच्याच पानात पडतील. पान मात्र रंगूच्या ओसरीवर मांडलेलं असेल! ते कुठे मांडायचं, हे हुकुमात कुठे होतं?”

मग महाराज असे हसले, असे हसले, की दिवाणजींना त्यांची पाठ चोळावी लागली.

“हिचं कापलेलं सगळं दाम परत करा! आणखी महिनाभर रजा द्या, पगारासकट! आणि माझी पालखी आत्ताच्या आत्ता दारात आणा!” डोळे पुसत ते म्हणाले. “चिमाबाई, बाकीचे दिवस मांड्यांवाचून काढतो, पण षष्ठीला मी येतो. पान तयार ठेव!”

चिमा केव्हाच पालखीत चढली होती. पडदा सारून तिने डोकं बाहेर काढलं.

“या की! पण हत्ती वेशीबाहेर बांधायचे, सांगून ठेवते. बाळंतिणीचं घर आहे!”